पाणी कधी सुटणार?

अ‍ॅरन हिल हा अठराव्या शतकातला लंडनचा नाटककार. हँडेलचा ‘रिनाल्दो’ हा ऑपेरा १७११ मध्ये लंडनच्या रंगमंचावर आला, त्याच्या कथानकाचा आराखडा हिलने केलेला होता. नाटकवाल्यांना अधूनमधून धंद्याची खुमखुमी येते, तशी ती त्यालाही आली. १७२०च्या दशकाच्या शेवटी तो थेट स्कॉटलंडच्या उत्तरेला, स्पे नदीच्या खोऱ्यात जाऊन पोचला. तिथलं पाइनचं जंगल यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने तोडायला घेतलं होतं. लाकूड समुद्रापर्यंत न्यायला धड रस्ता नव्हता; नदी तेवढी होती. ओंडके एकमेकांना बांधून तराफे करायचे आणि स्पेच्या पाण्यावर सोडून द्यायचे, असा बेत ठरला. वाटेत खडक होते. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या खडकांवर मोठाले जाळ पेटवायचे, दगड लाल झाला की त्यावर गार पाणी ओतायचं आणि तडकला की कुदळीने फोडायचा, ही त्याची युक्ती. तराफे तयार झाले, पण डोंगरी माणसं त्यावर पाय ठेवायला धजेनात. हिलच्या चरित्रात म्हटलं आहे की तो स्वतः आधी तराफ्यावर बसला, तेव्हा कुठे बाकीचे तयार झाले.

पाण्याची पातळी पाहायची, वाटेतले खडक ओळखायचे, घाबरलेल्यांची समजूत काढायची. आजचा राफ्टिंगचा गाइड दुसरं काय करतो? फक्त तो आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालतो.

या तराफ्यांची गोष्ट इथे संपत नाही. सुमारे अडीचशे वर्षांनी ते न्यायालयात कामी आले. केर्नगॉर्म भागातल्या एका नौकानयन शाळेच्या होड्या स्पेवरून जाऊ लागल्या, तेव्हा सामन माशांच्या शिकारीचे हक्क बाळगून असलेल्या मालकांनी हरकत घेतली. नदीतून जायचा हक्क तुम्हाला दिला कुणी, हा त्यांचा सवाल. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९७६ मध्ये निकाल लागला. या पाण्यावरून पूर्वापार लाकडाचे तराफे जात आले आहेत, म्हणजे ही वहिवाटीची वाट आहे, आणि ती सगळ्यांची आहे, असा त्याचा मथितार्थ. बांधावरच्या वाटेसाठी तहसील कचेरीत खेटे घातलेल्या घरातल्या कुणालाही हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही.

ब्रिटनमध्ये राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळ्याची सहल ठरवायला बसतात, तेव्हा आधी हॉटेल बघतात, मग पेट्रोल, मग भारतातून आलेल्या आईबाबांना कुठवर चालवेल ते. राफ्टिंगचा बेत असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी बघायचं ते पाणी. ते येतं कुठून, सोडतं कोण, आणि ज्या काठावरून होडी उतरवायची तो काठ कुणाचा. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की नदी आणि तारीख आपोआप ठरतात. हॉटेल त्यानंतर.

अमेरिकेत रानटी नद्या राखण्यासाठी कायदाच आहे. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स’ कायद्यावर सही केली. आठ नद्यांपासून आरंभ झाला आणि त्या धरणांपासून वाचवून मोकळ्या वाहत्या ठेवायच्या असं ठरलं. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. तिथे रानटी म्हणाव्यात अशा नद्या थोड्या, आणि आहेत त्यांच्याही वर कुठेतरी बहुधा एखादं धरण, वीजघर किंवा बंधारा बसलेला.

शिवाय एका देशात दोन कायदे. स्कॉटलंडने २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क सगळ्यांना दिला. कुणाच्या पिकाची नासधूस करू नका, मासे धरणाऱ्याच्या गळावरून होडी नेऊ नका, घराच्या अंगणात शिरू नका; बाकी नदी मोकळी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० साली डोंगर, माळ आणि सार्वजनिक कुरणांवर फिरण्याचा हक्क मिळाला, पण त्या कायद्यात नद्या नव्हत्या. त्याआधी यॉर्कशरच्या डर्वेंट नदीवरून खटला झाला होता. लोक अनेक वर्षं होड्या नेत आहेत एवढ्यावरून, रस्त्यासारखा, नदीवर सार्वजनिक हक्क तयार होत नाही, असं हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९१ मध्ये ठरवलं. ज्या सभागृहाने स्पे लोकांना दिली, त्याच सभागृहाने डर्वेंट दिली नाही. ब्रिटनमधल्या वल्हेकऱ्यांची संस्था, आताची ‘पॅडल यूके’, सांगते की इंग्लंडमधल्या नद्यांपैकी जेमतेम ४ टक्के लांबीवर होडी नेण्याचा निर्विवाद हक्क आहे. वाय नदीचा खालचा भाग त्या भाग्यवंतांपैकी एक.

राफ्टिंग केंद्रात पैसे भरून जाणाऱ्याला या भानगडीत पडावं लागत नाही. जागेची परवानगी केंद्राने घेतलेली असते. दुकानातून फुगवायची होडी विकत घेऊन गुगल नकाशावर दिसेल त्या निळ्या रेघेत ती उतरवणाऱ्याने मात्र हे वाचलेलं बरं. आणि कायद्यापेक्षाही, नकाशावर न दिसणाऱ्या बंधाऱ्यांसाठी. त्याविषयी पुढे.

आता पाणी. ब्रिटनमध्ये राफ्टखालचं पाणी तीन ठिकाणांहून येतं: आभाळातून, धरणातून किंवा पंपातून. सगळ्यात भरवशाचं पंपाचं आणि सगळ्यात बेभरवशाचं आभाळाचं, हे सांगायला नकोच. पण मराठी माणसाच्या ओळखीचं आहे ते धरणाचं.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना सकाळी लवकर पोचण्याची धांदल आठवत असेल. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदी भरते, राफ्ट निघतात, आणि पाणी ओसरलं की पुन्हा गोटे उघडे पडतात. ते पाणी मुळात कुंडलिकेचं नव्हेच. ते मुळशीचं. मुळेतून भीमेला आणि तिथून बंगालच्या उपसागराकडे जायचं, ते सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून खाली आणून टाटांनी मुंबईसाठी वीज केली. त्या धरणात मावळातली गावं जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच.

आता नकाशावर वेल्सच्या उत्तरेला बाला हे गाव शोधावं. त्याच्या वायव्येला काही मैलांवर ट्रवेरिन ही नदी आहे आणि तिच्या काठी राष्ट्रीय व्हाइट वॉटर केंद्र. १९८१ मध्ये कॅनू स्लालमची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथे झाली. खालून बघताना ही ओक-बर्चच्या दाट झाडीतून फेसाळत येणारी, खडकांवर आपटणारी, अगदी चित्रातली रानटी नदी वाटते. केंद्राच्या वर सुमारे दोन किलोमीटरवर मात्र बांध आहे, आणि त्यामागे लिन केलिन हा जलाशय.

त्या जलाशयाखाली कापेल केलिन नावाचं गाव आहे. गावाला शाळा होती, टपाल कचेरी होती, प्रार्थनाघर होतं, आणि बोली पूर्ण वेल्श. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. शहराच्या महापालिकेने वेल्समधल्या स्थानिक परवानग्यांच्या वाटेला न जाता थेट लंडनच्या संसदेत विधेयक नेलं. वेल्सच्या बहुतेक सगळ्या खासदारांचा विरोध असताना ते १९५७ मध्ये मंजूर झालं. त्याआधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, गावकरी मुलाबाळांसकट लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा घेऊन गेले होते. १९६३ मध्ये धरणाच्या कामावरच्या ट्रान्सफॉर्मरखाली बॉम्ब ठेवला गेला. २१ ऑक्टोबर १९६५ ला उद्घाटन झालं तेव्हा घोषणा आणि ढकलाढकलीत समारंभ काही मिनिटांत गुंडाळावा लागला. पुढच्याच वर्षी, या लढ्यात आघाडीवर असलेले ग्विनफोर एव्हान्स हे प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार म्हणून निवडून आले. लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये, चाळीस वर्षांनी. पश्चिम किनाऱ्याजवळ लानरस्टिड गावापाशी एका पडक्या भिंतीवर लेखक माइक स्टीफन्स यांनी साठच्या दशकात रंगवलेली ‘कोव्ह्यूख ड्रवेरिन’, म्हणजे ‘ट्रवेरिनची आठवण ठेवा’, ही अक्षरं आजही आहेत; २०१९ मध्ये कुणी ती भिंत मोडली, तर वेल्सभर भिंतींवर त्याच अक्षरांच्या नकला उमटल्या.

मुळशीला मुंबईची वीज आणि इथे लिव्हरपूलचं पाणी. दोन्हीकडे दरीतल्या माणसांनी नाही म्हटलं आणि दोन्हीकडे दरी भरली. शिष्यवृत्तीवर ब्रिटनला गेलेले बापट एडिंबरामध्ये शिकले होते. त्यांना ट्रवेरिनमधलं काहीच परकं वाटलं नसतं. आज दोन्ही ठिकाणी त्या पाण्यावर हेल्मेट घातलेली माणसं ओरडत, हसत खाली जातात. याचं वाईट वाटून घ्यावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. केंद्रावरून जलाशयाच्या काठचं छोटं स्मारक-प्रार्थनाघर गाडीने काही मिनिटांवर आहे. पोरांचे ओले कपडे बदलून झाले की तिथे थांबायला हरकत नाही, आणि ज्यांच्या आजोळची शेतं धरणाखाली गेली त्यांना तर थांबा म्हणून सांगायला नको.

बेताच्या दृष्टीने ट्रवेरिनची खुबी वेगळीच आहे. लिव्हरपूलचं पाणी इथून नळाने जात नाही. ते ट्रवेरिनमधून डी नदीत सोडतात आणि खाली चेस्टरच्या बाजूला डीमधून उचलतात. म्हणजे डी आटायला लागली की धरण उघडायचं. साहजिकच, जून-जुलैत जेव्हा ब्रिटनमधल्या बाकीच्या नद्यांत घोटाभर पाणी उरतं, तेव्हा ट्रवेरिन भरून वाहते. उलट शरद ऋतूत धो धो पाऊस पडून डी दुथडी भरली, तर वरून पाणी सोडणं थांबवतात. पाऊस नको तेव्हा नदी हवी असलेल्यांसाठी हा सौदा उत्तम, फक्त लांबलेल्या दुष्काळात जलाशयच खाली गेला तर हात राखून पाणी सुटतं. पाणी सोडण्याचे दिवस केंद्र आधी जाहीर करतं. ते अंदाज असतात, वचन नव्हे. पालिकेचं पाणी किती वाजता येणार हे विचारून बादल्या भरणाऱ्या शहरांतून आलेल्या माणसाला ही शिस्त नवी नाही.

धरणापासून केंद्रापर्यंतचा वरचा टप्पा चांगलाच तिखट. खळाळांची कठीणता १ ते ६ या आंतरराष्ट्रीय श्रेणीत मोजतात. १ म्हणजे हलकी लाट, ६ म्हणजे जिवाशी खेळ. ट्रवेरिनचा हा भाग ३ ते ४ मध्ये येतो. त्यातल्या एका दगडाळ तुकड्याचं नाव ‘ग्रेव्हयार्ड’, म्हणजे कब्रस्तान. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, पण तिथे राफ्टबाहेर पडायचंही नाही. टप्पा छोटा, त्यामुळे एकाच सत्रात राफ्ट गाडीवर टाकून पुन्हा वर नेतात आणि दुसरी फेरी होते. पहिल्या फेरीत डोळे मिटलेल्यांना दुसऱ्या फेरीत नदी दिसते. काठाने पायवाट आहे, त्यामुळे ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्या आजी-आजोबांना झाडाखालून नातवंडांचे फोटो काढता येतात. याच भागात फ्रोन्गोख हे खेडं आहे. आधी व्हिस्कीची भट्टी, मग महायुद्धातले जर्मन कैदी आणि १९१६ च्या ईस्टर उठावानंतर मायकेल कॉलिन्ससकट शेकडो आयरिश बंडखोर, अशी त्या ओसाड जागेची कुंडली. एवढ्याशा नदीकाठी इतका इतिहास कोंबलेली जागा दुसरी शोधावी लागेल.

पंपाच्या पाण्याविषयी थोडक्यात आटोपता येईल. लंडनच्या उत्तर टोकाला वॉल्थम क्रॉस स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर ली व्हॅली केंद्र आहे. ते २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलं. ३०० मीटर लांब आणि ५.५ मीटर उताराचा काँक्रीटचा पाट, खाली तळं, पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतात. नॉटिंगहॅमच्या होम पिअरपाँटला ट्रेंट नदीचं पाणी वळवून १९८० च्या दशकात असा पाट केला. कार्डिफचं केंद्र २०१० चं. बटण दाबलं की पाणी, तारखेची कटकट नाही, ट्रेनने जाता येतं, चहा मिळतो. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आणि पोहण्याची भीती असलेल्यांसाठी हीच जागा बरोबर. मात्र वीस मिनिटांनी तेच वळण पुन्हा येतं तेव्हा आपण नदीत नाही, यंत्रात आहोत हे कळतं. चार पैसे वाचवून वेल्स गाठणाऱ्यांची त्यामुळे आम्ही बाजू घेतो.

राहिलं आभाळ. खरी रानटी नदी हवी असेल तर स्कॉटलंडचा ईशान्य कोपरा गाठायचा. फिंडहॉर्न नदी मोनाल्लीथ डोंगरांत उगम पावते, लालसर खडकांच्या खोल घळीतून धावते आणि मोरे खाडीला मिळते. तिच्यावर पाणी अडवून ठेवणारं मोठं धरण नाही, म्हणून तिची मिजास पावसाच्या हातात. ऑगस्ट १८२९ मध्ये तिला आणि शेजारच्या स्पेला आलेला पूर अजून लोकांच्या बोलण्यात आहे. रँडॉल्फ्स लीप या अरुंद जागी तेव्हा पाणी ५० फूट चढलं. किती उंचीवर पोचलं ते दाखवणारे दगड तिथे रोवलेले आहेत. त्या पुराचा वृत्तान्त सर थॉमस डिक लॉडर यांनी १८३० मध्ये पुस्तकरूपाने छापला. रानातून चालत त्या दगडांपाशी यायचं, खाली कुठेतरी नदी कुजबुजते आहे, आणि मग मान वर करून दगडाकडे बघायचं. राफ्टिंगच्या सुरक्षेचं व्याख्यान निम्मं तिथेच होतं.

अशा नदीवर तीन महिने आधी शनिवार ठरवता येत नाही. बर्फ वितळण्याचे आणि पावसाचे वसंतातले आठवडे चांगले, भर उन्हाळ्यात ती बहुधा रोडावते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूरवरून उतरणारी डार्ट नदी तर आणखी लहरी: पाऊस पडला की काही तासांत चढते, तितक्याच लवकर उतरते, आणि वल्हेकऱ्यांनी तिथे ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात जायचं अशी रीत आहे, कारण उरलेले महिने मासेमारांचे. म्हणजे डार्टवर जायचं तर थंडीतच. पाण्याची पातळी घरबसल्या बघता येते. स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्स या तिन्ही ठिकाणच्या पर्यावरण यंत्रणा नदीमापकांचे आकडे इंटरनेटवर देतात. एकाच आकड्यावर न जाता आलेख बघावा, पाणी चढतंय की उतरतंय ते. उतरतं पाणी बरं, चढत्या पाण्याबरोबर झाडं येतात.

पंप आणि आभाळ या दोन टोकांच्या मधली, आणि कुटुंबाला घेऊन जायला कदाचित सगळ्यात सोयीची, नदी म्हणजे टे. स्कॉटलंडची सगळ्यात लांब आणि वाहत्या पाण्याच्या मापाने सगळ्या ब्रिटनमधली सगळ्यात मोठी. वरती मोठं सरोवर असल्यामुळे ती एकदम चढत नाही की एकदम आटत नाही. अ‍ॅबरफेल्डी ते ग्रँटली हा टप्पा आधी संथ, काठाला शेतं आणि झाडी, गप्पा मारायला वेळ, आणि शेवटी ग्रँटलीचे खळाळ. एडिंबरापासून गाडीने दोन तासांच्या आत पोचता येतं. टेवर कायदा वल्हेकऱ्यांच्या बाजूने असला तरी मान सामन माशाचा आहे. याच नदीत ऑक्टोबर १९२२ मध्ये जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने ६४ पौंडांचा सामन गळाला लावला आणि तो ब्रिटनचा विक्रम अजून मोडलेला नाही. काठावर कमरेपर्यंत पाण्यात उभी असलेली माणसं दिवसाचे चांगले घसघशीत पैसे मोजून आलेली असतात. गाइड त्यांच्यापासून दूरच्या बाजूने, आवाज न करता राफ्ट नेतो, तेव्हा त्याला साथ द्यावी. स्कॉटलंडमध्ये रविवारी सामन धरायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे गळ नसलेली मोकळी नदी हवी तर रविवार बघावा. घसा मोकळा करायचा तोही त्याच दिवशी.

पैसे भरण्याआधी दोन घटना माहीत असाव्यात. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बेमध्ये कयाकमधून गेलेली चार शाळकरी मुलं मेली. त्या धक्क्यातून १९९५ चा कायदा आला आणि १८ वर्षांखालच्या मुलांना खवळत्या पाण्यावर नेणाऱ्या संस्थांना परवाना सक्तीचा झाला. इथे एक बारीक मेख आहे: मुलाबरोबर त्याचे आईवडील असतील तर कायद्याने तो परवाना लागत नाही. म्हणजे सहकुटुंब जाणाऱ्याने स्वतःहून विचारायचं, परवाना आहे का म्हणून. असलेला केव्हाही चांगला. दुसरी घटना ३० ऑक्टोबर २०२१ ची. वेल्समध्ये हॅवरफर्डवेस्ट इथे पूर आलेल्या नदीत पॅडलबोर्ड घेऊन उतरलेला गट बंधाऱ्यावरून गेला आणि चौघे बुडाले. सहल नेणाऱ्या कंपनीच्या मालकिणीला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. बंधारा वरून येताना दिसत नाही, नुसती पाण्याची सपाट रेघ दिसते, आणि खाली पडलेलं पाणी उलटं फिरून माणसाला परत बंधाऱ्याकडे ओढत राहतं. नैसर्गिक खळाळापेक्षा तो अधिक घातकी. म्हणून गाइडला आधी एकच विचारावं: आज पाणी किती आहे आणि किती झालं तर तुम्ही सहल रद्द करता? या प्रश्नावर जो आकडा सांगतो त्याच्याबरोबर जावं. हसून ‘काळजी करू नका’ म्हणणाऱ्यापासून दूर राहिलेलं चांगलं.

गारठ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण कोकणातल्या कोमट पाण्यात राफ्टिंग केलेल्यांना तिचा अंदाज येत नाही. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की छाती आवळते, श्वास तुटतो, आणि पोहता येणारा माणूसही पहिल्या मिनिटात पाणी गिळतो. ब्रिटनच्या नद्या उन्हाळ्यातही अनेकदा एवढ्या थंड असतात. पडल्यावर हातपाय मारायचे नाहीत. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला आणि बोटं पाण्याबाहेर, श्वास ताळ्यावर आला की दोरीकडे बघायचं. उभं राहायचा मोह टाळायचा. पाय खडकात अडकला की गुडघाभर पाणीही माणसाला आडवं पाडून दाबून धरतं. वेटसूट, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट केंद्र देतं. आपण न्यायचं ते आत घालायला पोहण्याचे कपडे, लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे, बांधता येतील असे जुने बूट आणि चष्म्याला दोरी. जीन्स आणि सुती टीशर्ट नकोत, भिजले की ते अंग गोठवतात. अंगठ्या आणि मंगळसूत्र गाडीत.

आणि हो, पाणी प्यायचं नाही. २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांना लेप्टो हा शब्द पाठ झाला. तोच आजार तिथे वाइल्स डिसीज नावाने ओळखतात आणि नदीच्या पाण्यातून, अंगावरच्या जखमेतून तो होऊ शकतो. शिवाय इंग्लंडमधल्या पाणी कंपन्यांचा मैला. जोरदार पावसात सांडपाण्याच्या वाहिन्या नद्यांत आणि समुद्रात सोडून देण्याचे प्रकार २०२४ मध्ये मिळून ३६ लाख तासांहून जास्त काळ चालले, हा सरकारी आकडा आहे. त्यामानाने स्कॉटलंडच्या आणि उत्तर वेल्सच्या डोंगरातलं पाणी बरं. जखमेवर पट्टी, जेवणाआधी साबण, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला नदीचं नाव सांगायचं.

लंडनहून बाला गाडीने पाच तासांच्या आसपास. लिव्हरपूल-मँचेस्टरकडून दोनेक तास. बालाला मोठ्या रेल्वेचं स्टेशन नाही. रेक्समहून टी-३ ही बस जाते, पण ओल्या कपड्यांचं बोचकं घेऊन बसने परतायचं म्हणजे हौसेला मोल नाही. मुलांच्या वयाची किमान मर्यादा टप्प्यानुसार बदलते, ती फोनवरच विचारून घ्यावी; त्याच फोनवर हेही विचारावं की ठरल्या दिवशी पाणी सुटलंच नाही तर पैसे परत की दुसरी तारीख. एक दिवस हाताशी जास्त ठेवला तर तोही वाया जात नाही. बालाला वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक सरोवर, लिन टेगिड, आहे. त्याच्या काठाकाठाने लानुखलिनपर्यंत वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी धावते, आणि तिला धरणाच्या दरवाज्यांशी काही देणंघेणं नाही.